डावी बाजू विकणे आहे

२ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. माझं पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. मला फक्त बोट घ्यायची आहे.

थोरल्या मामी सांगत होत्या की मेहुण्यांची शिडाची बोट तू विकायला काढली आहेस आणि अजून कुणी विचारायलासुद्धा आलेलं नाही. तर मी विचारते आहे. दुसऱ्या कुणाला शब्द देऊ नकोस. आपण सख्ख्या नसलो, मावसबहिणी असलो, तरी लहानपणी तुझे जुने फ्रॉक मीच वापरले आहेत. जुनी वस्तू मला नवी नाही.

कारण सांगते. मागच्या दाराच्या पायरीवर मी घसरले आणि मनगट दुखावलं. तेवढ्यावरून चिरंजीवांनी ठरवलं की आईने तलावाकाठचं घर सोडून त्यांच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला यायचं. मुलगा वाईट नाही, तुला माहीत आहे. पण गेल्या शनिवारी तो रंगीत चिठ्ठ्या घेऊन आला आणि घरभर चिकटवून गेला. हिरवी म्हणजे फ्लॅटवर जाणार, पिवळी म्हणजे कुणाला तरी देऊन टाकायचं, लाल म्हणजे भंगार. माझ्या शिवणयंत्राला पिवळी लागली. मी ज्या खुर्चीवर बसले होते तिला लाल. मी उठेपर्यंत तो थांबला, एवढी रीत त्याला आहे. मार्चअखेर ट्रक येणार.

मी त्याला सांगितलं, मला येता यायचं नाही, मी बोट घेतली आहे. तोंडातून कसं निघालं, देव जाणे. त्याने हातातल्या चिठ्ठ्या चाळून बघितल्या. त्याच्याकडे बोटीसाठी रंग नव्हता. शेवटी म्हणाला, ट्रकच्या आधी बोट आली तर बघू.

तेव्हा बोट आली तर मी राहिले, नाही आली तर गेले. चालवता येत नाही, पण शीड म्हणजे मोठा पडदाच, आणि पडदे शिवण्यात माझा जन्म गेला. किंमत कळव. फोन तू उचलतच नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. मुलाशी खोटं बोललीस म्हणून त्यातले निम्मे कापून घेतले आहेत.

फोन मी उचलत नाही, कारण फोन भाऊजींच्या बाजूला आहे. वाटणीत तो तिकडे गेला. वाजतो तो मला ऐकू येतो, पण दुसऱ्याच्या हद्दीतली वस्तू मी उचलत नाही.

आता बोटीचं. बोट मजबूत आहे, लाकूड चांगलं आहे, गळते की नाही हे माहीत नाही कारण पाण्यात गेली त्याला बराच काळ झाला. मात्र विकायला आहे ती फक्त डावी बाजू. मामींनी हे सांगितलं नसेल. त्या कुठलीही गोष्ट अर्धीच सांगतात, आणि या वेळी नेमकी चुकीची अर्धी सांगितली.

ह्यांनी आणि भाऊजींनी बोट दोघांत घेतली होती. पुढे दोघा भावांचं बिनसलं. कशावरून ते शेवटी त्यांनाही आठवत नव्हतं. वाटणी झाली तेव्हा मोजणीदाराने फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत दोरी ताणली. डावीकडचं ह्यांचं, उजवीकडचं भाऊजींचं. दोरी अंगणात उभ्या असलेल्या बोटीच्या मधोमध आली. मोजणीदार म्हणाला, बोट जरा सरकवून घ्या. डावीकडे सरकवली तर ह्यांची होईल म्हणून भाऊजी नको म्हणाले. उजवीकडे सरकवली तर भाऊजींची होईल म्हणून हे नको म्हणाले. मोजणीदाराला जेवायला जायचं होतं. त्याने बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूची रेघ मारली आणि निघून गेला. नंतर ह्यांनी आपली बाजू निळी रंगवली, भाऊजींनी आपली तपकिरी. रेघ दोघांनीही सोडली.

मी जन्मभर वॉर्ड सांभाळला, मेट्रन म्हणून निवृत्त झाले, पण असे दोन पेशंट एका खोलीत कधी ठेवले नाहीत.

पैसे नकोत. माझ्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांना पडदे शिवून दे. स्वयंपाकघराच्या खिडकीचा आधी, आणि जाड कापडाचा. बोटीच्या जागी मला भाजी लावायची आहे.

तुझी,
ताई

ता. क. मनगटाला रोज गरम पाण्याचा शेक. विसरू नकोस.


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. तू इतक्या सरळ चेहऱ्याने चेष्टा करतेस की मी दोनदा वाचलं. मग कळलं की चेष्टा नाही.

माझं काही अडत नाही. उरलेली अर्धी तुझ्या दिरांकडून घेते. त्यांनाही पडदे शिवून देईन. भाऊजींना आजच वेगळं पत्र टाकलं आहे, त्यात पायरी, चिठ्ठ्या, शिवणयंत्र, सगळं लिहिलं. तू मध्ये पडू नकोस. तुमचं बोलणं नाही, माझं तर कुणाशीच वैर नाही.

चिरंजीव रविवारी येऊन गेले. बोट कुठे आहे म्हणाले. मी म्हटलं, वाटेत आहे. कुठल्या वाटेत? मी म्हटलं, पाण्याच्या. तो म्हणाला, आई, आपल्या तलावाला कुठलंच पाणी येऊन मिळत नाही, तो पावसाने भरतो. मी म्हटलं, मग वेळ लागेलच.

त्याने स्वयंपाकाच्या ओट्याची लांबी मोजून नेली. सूनबाईने पाठवलं असणार. ती मला एक कोपरा देणार आहे म्हणे. कोपरा चांगला आहे, उजेड येतो, असं तिने दोनदा सांगितलं. जी दोनदा सांगते तिलाही मी यायला नकोच असणार, पण ती बिचारी बोलणार कशी.

निळ्याच्या किती छटा असतात तुला ठाऊक नाही. पडद्याचे नमुने पाठवते.

तुझी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

सौजन्यपूर्वक नमस्कार वि. वि.

आपले पत्र पावले. आपण वहिनींच्या मावसबहीण, म्हणजे नात्यातल्या, म्हणून सविस्तर लिहीत आहे. परक्यास एका ओळीत कळवले असते.

उजवी बाजू विकणे नाही.

आपण कारण विचारलेले नाही, तरी देतो. मी रोज संध्याकाळी चहा घेऊन बोटीत माझ्या बाजूला बसतो. वाटणीनंतरही दादा त्याच्या बाजूला येऊन बसत असे. चहा आपापल्या घरून. आम्ही बोलत नसू, कारण बोलायचे नाही असे ठरले होते. बसायचे नाही असे काही ठरले नव्हते. अंधार पडला की तो कप घेऊन त्याच्या दाराने आत जाई, मी माझ्या दाराने. अशी बरीच वर्षे गेली व ती वाईट गेली असे मी म्हणणार नाही.

दादा गेल्यापासून बोट उजवीकडे कलते. मी मध्यभागी बसलो तर कलणार नाही, हे मला समजते. परंतु मध्यभागी रेघ आहे.

डावी बाजू वहिनींची आहे. ती त्यांनी कुणास द्यावी याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

आपल्या पायरीविषयी वाचले. तिथे हाताने धरायला काही आहे काय, ते कळवावे.

आपला,
उजव्या बाजूचा मालक


२८ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. भाऊजींचं पत्र आलं. सोबत पाठवते आहे, वाच. तुझ्या शेजारच्या भिंतीतून यायचं ते इतका वळसा घेऊन येतंय.

ते दोघं रोज संध्याकाळी तिथे बसायचे, हे तू मला सांगितलं नाहीस. आणि एक जण अजून बसतो, हेही नाही. ताई, मी लोकांच्या घरी पडद्यांची मापं घ्यायला आयुष्यभर गेले आहे. कुणाच्या खुर्चीवरून कुणाला उठवायचं नाही, एवढं मला कळतं. मुलाने मला उठवलं तेव्हा कसं वाटलं ते मलाच माहीत. बोट राहू दे. मला नको.

आणि अर्धी घेऊन मी करू काय? ती हलायची कशी? अर्ध्या हळकुंडाने मीच पिवळी झाले होते.

शिवणयंत्र आज पुसून तेल घालून ठेवलं. शेजारच्या शिक्षकांची मुलगी न्यायला येईल. तिला टाका सरळ येत नाही, पण शिकेल. फ्लॅटच्या गच्चीवरून तलाव दिसतो म्हणे, हवा स्वच्छ असली तर. मी मुलाला फोनवर विचारलं, मी दिसेन का? तो म्हणाला, तू तर इथे असशील ना. बरोबरच आहे त्याचं.

पडदे मात्र मी शिवून देणार. फुकट. यंत्र जायच्या आत मापं पाठव.

तुझी,
धाकटी


१४ मार्च

प्रिय धाकटे,

आशीर्वाद, या वेळी पूर्ण. उत्तराला उशीर झाला कारण घरात ऑपरेशन होतं. दोन्ही भाग सुखरूप आहेत.

क्रमाने सांगते. तुझं पत्र वाचलं आणि ते तसंच पाकिटात घालून भाऊजींच्या पेटीत टाकायला पोस्टमनच्या हातात दिलं. आमचे निरोप तोच नेतो. हल्ली तो आमच्या फाटकाशी आला की आधी खाली बसून घेतो. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा निरोप आला: उजवी बाजू विकणे नाही, हे कायम. मात्र डावी बाजू जाण्यास हरकत नाही. तिने उजवीला सोबत नेऊ नये, इतकेच.

मी या वाक्याचा दिवसभर विचार केला. मग सुतार बोलावला.

सुतार म्हणाला, बाई, बोट कापायची नसते. मी त्याला म्हटलं, पायसुद्धा कापायचा नसतो, पण कधीकधी माणूस वाचतो. त्याने रेघ बघितली. खडूची रेघ इतक्या वर्षांनी कशी राहिली याचं त्याला नवल वाटलं. दोन्हीकडून कुणीतरी ती जपून रंगाबाहेर ठेवली होती, हे मी त्याला सांगत बसले नाही.

डोलकाठीवर घोडं अडलं. ती नेमकी रेघेवर. सुतार म्हणाला, उभी चिरली तर दोघांच्या हाती नुसती दांडकी येतील. भाऊजी तोवर चहा घेऊन आपल्या बाजूला येऊन बसले होते. त्यांनी पोस्टमनला सांगितलं, पोस्टमनने मला सांगितलं, मी तिथेच उभी असताना: काठी, शीड आणि सगळ्या दोऱ्या तलावाकडे जाव्यात, पायरीला धरायला काही नाही असं दिसतं. सुकाणू मात्र इथे राहील. दादाच धरायचा.

करवत चालू असताना ते उठले नाहीत. भुसा त्यांच्या चहात पडत होता.

आता इतकी साधी गोष्ट आम्हा तिघांच्या लक्षात आली नाही. बोटीचे टेकू दोन्ही बाजूंनी होते. डावी बाजू सुटली, गड्यांनी ती उचलून मी ठरवलेल्या ट्रककडे नेली, आणि उजवीला डावीकडून काहीच आधार राहिला नाही. ती सावकाश माझ्या बाजूला आडवी झाली. भाऊजी आत होते. ते माझ्या वाफ्याच्या जागेवर पडले, कप हातात सरळ.

त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, मी तुमच्या हद्दीत आलोय."

मी म्हटलं, "दिसतंय. लागलं का कुठे?"

वाटणीनंतर आम्ही एकमेकांशी बोललेलं हे पहिलं. पोस्टमन टोपी काढून उभा राहिला.

लागलं नव्हतं. तपासलं मी.

तुला सगळं सांगितलं नाही, असं तू लिहिलंस. खरं आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून डावी बाजू दिसायची. रिकामी. रोज त्याच वेळेला, चहाच्या. म्हणून विकायला काढली आणि म्हणूनच तो पडदा आधी हवा होता. भाजीचं सोडून दे, मला मातीत हात घालायला आवडत नाही.

ट्रक निघाला आहे. अर्धी बोट उभी कशी करायची ते तुझं तू बघ. टेकूवर विसंबू नकोस.

तुझी,
ताई


२२ मार्च

ती. ताईस,

सा. न. आली. ट्रकवाल्याने विचारलं, बाकीची मागून येतेय का? मी म्हटलं, नाही, एवढीच. त्याने सही घेतली आणि मी शहाणी आहे ना, ते बघत बघत गेला.

उभी राहीना. भिंतीला टेकवली की घसरे, झाडाला टेकवली की झाड वाके. शेवटी गवंडी आणला. त्याने कापलेली बाजू घराच्या मागच्या भिंतीला लावली आणि लोखंडी आकडे भिंतीत खोल ठोकून सिमेंट भरलं. आता ती घराला अशी बसली आहे की रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं, अख्खी बोट घराला लागून उभी आहे आणि आता निघेल. आत बसताही येतं. पाठ भिंतीला, तोंड तलावाकडे. काल मी तिथे बसून एक अख्खी झालर शिवली.

शीड फाटलं होतं. ठिगळ लावलं आणि पायरीवर छत म्हणून ताणलं. डोलकाठी पायरीशेजारी रोवली आणि दोऱ्या तिला बांधून पायरीच्या दोन्ही बाजूंनी आणल्या. धरून उतरलं की घसरायला होत नाही. भाऊजींना हे सांग. पोस्टमनमार्फत नको.

पण ताई, पाण्यात जाणारी बोट घेतली असं मी मुलाला सांगितलं होतं, आणि ही तर घरातून बाहेरसुद्धा पडणार नाही. तो हिशेबी आहे. आठवड्यात ट्रक घेऊन येईल. मी काय सांगू?

तुझी,
धाकटी


२६ मार्च

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. खरं सांग. बोट अर्धी आहे, भिंतीला आहे आणि तुझी आहे. तिन्ही वाक्यं छोटी आहेत, अडखळणार नाहीस.

तो रागावला तर रागावू दे. पेशंट ओरडतो तेव्हा तो जिवंत असतो. तुला जायचं नसेल तर जायचं नाही असं म्हण. बोटीच्या आड लपू नकोस, ती अर्धीच आहे, अर्धी तू बाहेर दिसशील.

तुझी,
ताई

ता. क. दोऱ्यांचं भाऊजींना सांगितलं. गाठ कुठली मारली ते विचारतात.


३१ मार्च

ती. ताईस,

सा. न. काल तो आला. सोबत ट्रक, दोन हमाल आणि चिठ्ठ्यांचं पाकीट.

रस्त्यावरूनच त्याला बोट दिसली. तो थांबला. मग घराला वळसा घालून मागे आला, अगदी जवळ आला, आणि बोटीच्या टोकाकडून भिंतीच्या फटीत डोकं घालून बघितलं. हमालही बघायला आले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, अर्धी भिंतीच्या आत असेल.

मी तुझी तिन्ही वाक्यं म्हटली. चौथं माझं मीच म्हटलं, की मला यायचं नाही. ते म्हणताना आवाज शिवणयंत्रासारखा अडकला, पण निघाला.

तो वळला. पायरीपाशी गेला. दोरी दोन्ही हातांनी धरली आणि सगळं वजन टाकून लोंबकळला. इतका मोठा माणूस, बुटांसकट. दोरी हलली नाही. मग त्याने बादलीभर पाणी शिडावर फेकलं आणि पायरीवर हात फिरवून बघितला. कोरडी. पुन्हा एक बादली. मी म्हटलं, पाणी भरायला लांब जावं लागतं, जरा बेताने.

मग तो बोटीत चढून बसला, भिंतीला पाठ लावून. मी बाजूला बसले. समोर तलाव होता.

"ही बोट कुठे जाणार, आई?"

"कुठेच नाही," मी म्हटलं. "म्हणून तर घेतली."

त्याने खिशातून पाकीट काढलं. हिरवी बघितली, पिवळी बघितली, लाल बघितली. शेवटी तो म्हणाला की तो भिंतींना चिठ्ठ्या लावत नाही, आणि ही तर भिंतच झाली. आणि भिंतीत राहणाऱ्या माणसालाही लावता येत नाही. असं नियमात बसवलं त्याने. लहानपणीही त्याला हरायचं असलं की आधी नियम सापडावा लागे.

घरात जाऊन त्याने शिवणयंत्रावरची पिवळी चिठ्ठी नखाने खरवडून काढली. थोडा गोंद राहिला आहे, राहू दे. ट्रक रिकामा जायला नको म्हणून लाल चिठ्ठीची खुर्ची नेली. मी म्हटलं, ने. आता बसायला मला बोट आहे.

सूनबाईचा रात्री फोन आला. म्हणाली, कोपरा मी तसाच ठेवते, तुम्ही आठ दिवसांसाठी या. एकदाच सांगितलं. मी जाणार आहे.

गाठ साधीच मारली आहे, पडद्याच्या दोरीला मारतात ती. पडदे झाले आहेत, फक्त तुझ्या स्वयंपाकघराचा राहिला. जाड कापड मिळालं. या आठवड्यात शिवते.

तुझी,
धाकटी


८ एप्रिल

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. मुलगा लोंबकळला ते चांगलं केलं. नाहीतर मी येऊन लोंबकळणार होते.

इकडचं. उजवी बाजू पुन्हा उभी केली, पण डावीकडून टेकू लागतो आणि टेकू माझ्या हद्दीत येतो. भाऊजींनी लेखी परवानगी मागितली. मी तोंडी दिली. टेकू म्हणून माझ्या स्वयंपाकघरातला बाक लावला आहे. बाक हलका आहे. भाऊजी आपल्या बाजूला बसले की तो सरकतो आणि सगळं पुन्हा माझ्या बाजूला यायला लागतं. त्याच्यावर वजन लागतं.

विटा ठेवून बघितल्या. विटा घसरतात. म्हणून संध्याकाळी तेवढा वेळ मी बसते.

बोलत नाही फारसं. काल त्यांनी विचारलं की पडद्याची गाठ ओली झाल्यावर सुटते का. मी म्हटलं, तिलाच विचारा, फोन तुमच्याच बाजूला आहे. चहा मात्र एकाच किटलीतला करते. दोन चुली पेटवण्यात अर्थ नाही.

स्वयंपाकघराचा पडदा शिवू नकोस. खिडकीतून आता बाक दिसतो, आणि दूध उतू जातंय का ते मला तिथूनच बघावं लागतं.

मनगट कसं आहे ते लिहिलंच नाहीस.

तुझी,
ताई